समोरच्याची बाजू, आपल्या तोंडून

निवृत्तीनंतर मैसूरच्या कडेला बोगादीला राहायला आले त्या आठवड्यातच शेजारच्या जयम्मांनी विचारलं, मेडम, तुम्ही युनिव्हर्सिटीत काय शिकवत होतात? मी म्हटलं, भांडायला. जयम्मा हसल्या नाहीत. ते तर सगळ्यांना येतंच, असं म्हणून त्या कढीपत्ता घेऊन घरी गेल्या. त्यांचं खरंच होतं. भांडायला सगळ्यांना येतं. भांडून झाल्यावर त्याच माणसाच्या शेजारी बसून जेवायला येत नाही. ते शिकवायचा मला पगार होता.

कागदोपत्री मी राज्यशास्त्राची प्राध्यापक. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एम.ए.च्या मुलांसाठी मी एक ऐच्छिक पेपर चालवला. राजकारणावरून ज्यांचं एकमेकांशी जमत नाही त्यांनी बोलावं कसं, हा त्याचा विषय. सहकारी त्याला ‘मेडमची शांतता समिती’ म्हणत. एक जण म्हणाला, तिकडे गोकुलममधल्या योगवर्गांत परदेशी मुलं पैसे मोजून श्वास घ्यायला शिकतात, तुम्ही आपल्या पोरांना फुकटात श्वास धरायला शिकवता. बोलला चेष्टेत, पण धंदा माझा तोच होता. उत्तर तोंडाशी आलं की जरा धरून ठेवायचं. मला स्वतःला घरी ते कधी जमलं नाही. मी तापट बाई आहे, माझ्या सुनेला विचारा.

आम्ही मैसूरचे मराठे. पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, पण आमची मराठी अशी की ‘जेवण झालं का’ याला ‘ऊट झालं का’ म्हणतो, आणि उगीच बसलेलो असलो तर ‘सुम्मने बसलोय’. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हाच मी त्यांना म्हटलं, माझं लिहिणं दुरुस्त करा, फार इस्त्री मात्र करू नका. अशा घरात वाढलेल्या माणसाला दोन्हीकडून बोलणी खायची सवय असते. इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे म्हणतात हे कसलं मराठी! त्या सवयीचा मला कामात फार उपयोग झाला.

शिकवण्याची पद्धत मी शोधून काढलेली नाही. तरुण असताना संस्कृत विभागातल्या एका मैत्रिणीबरोबर सोसल्याच्या मठात पंडितांचा वाद ऐकायला गेले होते. विषयातलं मला ओ की ठो कळलं नाही. पण एक गोष्ट बघितली. एका शास्त्रीबुवांनी खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच मांडलं. समोरचे म्हणाले, असं नाही माझं. यांनी पुन्हा मांडलं. पुन्हा नाही. शेवटी समोरच्यांनी मान हलवली तेव्हा कुठे शास्त्रीबुवा खंडनाला लागले. मैत्रीण म्हणाली, याला पूर्वपक्ष म्हणतात. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही त्याला उत्तर द्यायचा अधिकार नाही. परतीच्या बसमध्ये मी तोच विचार करत होते. हा नियम विधानसभेत लावला तर किती जणांना तोंड उघडता येईल?

माझा वर्ग त्या एका नियमावर चालायचा. विषय एक, माणसं दोन. आधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडून सांगायची, ‘तो म्हणतो’ असं न म्हणता, आपलीच असल्यासारखी. समोरचा ‘अदे’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. अदे म्हणजे कन्नडात ‘हेच ते’. अदे मिळालं की मग आपलं उत्तर. ऐकायला सोपं वाटतं, घरी नवऱ्याबरोबर करून बघा. बाकीच्या बारीकसारीक गोष्टी अनुभवानं कळत गेल्या. खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या नाहीत, काटकोनात ठेवायच्या, म्हणजे नजर चुकवायला भिंत मिळते. फोन दाराशी टोपलीत टाकायचे. पहिल्याच दिवशी कावेरीचं पाणी किंवा आरक्षण काढायचं नाही. मेसमध्ये अंडी असावीत की नसावीत, एवढ्यावरच आधी भांडू द्यायचं, आणि अंड्यांवरून पोरं कुठवर जातात ते बघायचं. फार लांब जातात हो.

एक शब्द मी वर्गात बंद केला होता, ‘आदरे’. कन्नडात आदरे म्हणजे ‘पण’. मुलं समोरच्याची बाजू कशीबशी अर्धी सांगायची, की लगेच आदरे, आणि गाडी आपल्या रुळावर. तो बंद करण्याआधीच्या वर्षी नाशिकहून नुकताच आलेला एक मुलगा वर्गात होता. कन्नड शून्य, इंग्रजीवर भागवायचा. काही दिवसांनी मला येऊन म्हणाला, मॅडम, इथली मुलं किती सुसंस्कृत आहेत, उत्तर देताना दर वेळी आधी ‘आदरे’ म्हणतात. तोही हात जोडून आदरे म्हणायला लागला होता. वर्ग हसून बेजार. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही, मुलांनाही करू दिला नाही. वर्षभर त्याच्याशी कुणी वाकडं बोललं नाही. समोरचा आपल्याला मान देतोय असं धरून चालणाऱ्या माणसाशी वाकडं बोलणं जड जातं, हे मला त्या पोरामुळे कळलं.

सगळे असे निघाले नाहीत. हासनकडचा एक फार हुशार मुलगा मध्येच पेपर सोडून गेला. त्याच्या घराण्याला गावच्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरू दिलेलं नव्हतं, आणि मी त्याला त्या विहिरीच्या मालकांची बाजू मांडायला सांगत होते. तो शांतपणे म्हणाला, मेडम, त्यांचं मला इतकं कळलं तर मी लढू कशाच्या जोरावर? समजून घेण्याचं कामही आम्हीच करायचं का? मी त्याला जाऊ दिलं. त्याचं दुःख मला अजून आहे.

आता माझ्या वर्गातल्या रेणुकाचं सांगते. ते सांगायलाच मी हे लिहायला घेतलं.

रेणुका बेळगावजवळच्या एका मराठी खेड्यातली, घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तिच्या वडिलांचं नाव कल्लाप्पा. नाव कानडी वळणाचं आणि माणूस कट्टर मराठी, तिकडे असंच असतं. राज्यांची वाटणी झाली तेव्हा त्यांचं गाव आमच्या बाजूला आलं. ते महाराष्ट्रात जावं म्हणून पुढच्या आंदोलनांत कल्लाप्पांनी ऐन तारुण्यात लाठ्या खाल्ल्या, तुरुंग बघितला. बाजारात भाव करायला कानडी बोलतील, पण कचेरीत आणि चारचौघांत कानडीचा शब्द काढायचा नाही असं तेव्हा त्यांनी धरलं ते सोडलं नाही. गावात सीमेच्या कामासाठी समिती होती, तिच्यात त्यांचा शब्द शेवटचा.

त्याच वर्गात मादेश होता. टी. नरसीपूर तालुक्यातला, उंच, खणखणीत आवाजाचा, गळ्यात कन्नड झेंड्याच्या रंगाची लाल-पिवळी शाल. कन्नडसाठी चळवळ करणाऱ्या मुलांचा तो पुढारी. ओळख करून देताना रेणुका ‘बेळगाव’ म्हणाली, यानं ‘बेळगावी’ म्हणून दुरुस्त केलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मी दोघांचीच जोडी लावली. विषय सीमेचा. सहकारी म्हणाले, मेडम, कशाला विस्तवाशी खेळता? मी म्हटलं, मग पेपर कशाला काढलाय, पापड लाटायला?

पहिली पाळी रेणुकाची. तिनं मादेशची बाजू मांडली, तीही अस्खलित कन्नडात. आमचं गाव या मातीचं आहे, या राज्याचं पाणी पितं, आणि मराठीचा हट्ट धरून आमच्या थोरल्यांनी आपल्याच पोरांच्या नोकऱ्या घालवल्या, असं ती बोलत गेली. इतकी मनापासून बोलली की मादेशनं पहिल्याच फेरीत ‘अदे’ म्हटलं. मग तिनं त्याला उत्तर दिलं, तेही तितकंच खणखणीत. पुढच्या वर्गात मादेशची पाळी होती. मी त्या दिवशी घरी जाऊन सुनेवरसुद्धा ओरडले नाही.

फोन मात्र एकानं टोपलीत टाकला नव्हता. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रेणुकाचं तेवढंच बोलणं, पुढचं-मागचं कापून, कुणीतरी पसरवलं. त्यात ना माझा नियम, ना मादेशचं अदे, ना तिचं उत्तर. नुसती एक मराठी मुलगी, कन्नडातून आपल्याच माणसांना चूक म्हणणारी. दोन दिवसांत ते तिच्या गावी पोचलं. तिनं ती बाजू वाईट मांडली असती तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. माझं शिकवणं इतकं चांगलं कधी साधलं नव्हतं, आणि त्याचं असं वाटोळंही कधी झालं नव्हतं.

पुढच्या वर्गाच्या दिवशी सकाळी विभागाच्या दाराशी बाकावर एक म्हातारा बसलेला दिसला. पांढरी टोपी, कापडी पिशवी, रात्रभरच्या प्रवासानं सुजलेले डोळे. कोण ते मी ओळखलं. जवळ जाऊन माझ्या घरच्या सवयीनं विचारलं, ‘‘ऊट झालं का?’’ झालं! कानावर कानडी शब्द पडताच त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग मी जमेल तितक्या शुद्ध मराठीत चहा विचारला. चहा नको म्हणाले. ‘‘पोरीला न्यायला आलोय, बाई. सामान बांधायला सांगा.’’

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोरं घरासमोर येऊन ओरडून गेली होती. बायको गिरणीत दळण घेऊन गेली तर बाकीच्या बायका उठून बाहेर उभ्या राहिल्या. समितीच्या बैठकीत त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही आज वर बसू नका. मुलीनं देवळात सगळ्यांपुढे माफी मागायची आणि परत शिकायला जायचं नाही, असं ठरलं होतं. परीक्षा जवळ आलीय, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

रेणुका आली. मी तिला इतकी शांत कधी पाहिली नव्हती. म्हणाली, बाबा, तुम्ही बघितलंत ते अर्धं आहे. ते म्हणाले, अर्ध्यानंच माझं नाक कापलं. मग ती म्हणाली, ‘‘मी येते. बॅग बांधून ठेवते. पण दुपारच्या वर्गाला तुम्ही बसा. आज आपली बाजू मांडायची पाळी त्या मुलाची आहे. जन्मभर तुम्ही सांगत आलात, बाबा. त्यांच्यातल्या एकानं तरी ऐकलंय का, तेवढं बघून जाऊ.’’

मुलीला आपलं शिक्षण डावावर लावताना मी समोर उभी राहून बघत होते. ‘पण’ म्हणायलाही जागा नव्हती.

तिकडे मादेशला कळलं की तिचे वडील येऊन बसणार. तो माझ्याकडे आला, म्हणाला, मेडम, आज नको. पुन्हा कुणी फोन चालवला तर माझीच पोरं मला फाडून खातील, पुढच्या महिन्यात संघटनेची निवड आहे. मी म्हटलं, तुझ्यावर सक्ती नाही. तो बाहेर गेला. येईल असं मला वाटलं नव्हतं, पण वर्ग सुरू होताना तो आपल्या खुर्चीत होता. शाल नव्हती.

कल्लाप्पा मागच्या बाकावर बसले. मुलांचे फोन या वेळी मी स्वतः उभी राहून टोपलीत टाकून घेतले. पाहुण्याकडे मागायचं कुणाला सुचलं नाही.

मादेशची पहिली फेरी अगदीच पडली. आम्हाला महाराष्ट्र हवा, आमचे नेते तिकडे आहेत, असं काहीतरी पाठ केल्यासारखं. रेणुका म्हणाली, अल्ल. नाही. त्यानं पाणी प्यायलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो एका लहान पोराबद्दल बोलू लागला. पोराला घरी आई ज्या शब्दांनी हाक मारते, जेवायला वाढते, तेच शब्द शाळेत चूक ठरतात. बाईंना ‘पाणी पाहिजे’ म्हणून सांगता येत नाही म्हणून ते पोर तहानलेलं बसतं. बाप कचेरीत जातो, तिथला कागद त्याला वाचता येत नाही, शेजारच्या शिकलेल्या माणसाला विनवावं लागतं. स्वतःच्या गावात राहून तो परका होतो. मादेशनं हे कुठून आणलं मला कळेना. मागाहून समजलं, चार दिवस तो मैसूरमधल्या मराठी म्हाताऱ्यांना गाठून विचारत हिंडला होता.

तेवढ्यात कल्लाप्पांनी खिशातून फोन काढला आणि समोर धरला.

सगळ्यांना दिसलं. मादेशच्या तोंडचे हेच शब्द कापून गावी पाठवले की कल्लाप्पांच्या घरावरचा राग उतरला आणि मादेश संपला. मी उठले. मादेशनं मला हातानं थांबवलं. फोनकडे एकदा बघितलं आणि पुढे बोलायला लागला, आधीपेक्षा सावकाश.

तो म्हणाला, म्हणून आम्हाला आमची जमीन परत हवी आहे. आणि मागून आवाज आला:

‘‘नेल अल्लो तम्मा. मातु.’’

जमीन नव्हे रे बाळा, बोली. कल्लाप्पा बोलले होते. कन्नडात, चारचौघांत. हातातला फोन तसाच चालू. रेणुकानं वळून बापाकडे पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरली. मादेश थांबला. वाक्य अर्धं टाकून थांबला, आणि त्यांना विचारलं, कसं ते सांगा. मग कल्लाप्पा उभे राहून बोलत राहिले. जमीन कुठे जात नाही, ती आहे तिथेच आहे. नकाशा कुणीही रंगवावा. माझ्या नातवानं मला ज्या शब्दानं हाक मारावी तो शब्द राहायला पाहिजे. बाजारात वापरून वापरून धार आलेली, मस्त रांगडी कानडी होती त्यांची. मादेशनं त्यांचं ऐकून घेतलं, ‘नेल अल्ल, मातु’ असं म्हणून आपलं वाक्य दुरुस्त केलं आणि शेवटपर्यंत नेलं. मग विचारलं, ‘‘अदेना?’’ हेच ना?

कल्लाप्पांनी विचार केला. ‘‘बरंचसं,’’ म्हणाले. मराठीत. रेणुकानं ते कन्नडात सांगितलं, आणि वर्गात पहिल्यांदा कुणीतरी श्वास सोडला.

वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात आम्ही चौघंच होतो. कल्लाप्पांनी फोन बाहेर काढला. मला त्यांची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘हे गावी पाठवलं तर उद्या हार घेऊन येतील दारात. माझं मधलं बोलणं काय, आमची पोरं कापून टाकतात की.’’ त्यांनी मादेशकडे बघितलं, ‘‘आणि ह्याच्या दारात कोण येतील?’’

मग त्यांनी पोरीला मराठीतच सांगितलं, त्याला विचार, हे मी ठेवून घेऊ का? कुणाला दाखवणार नाही. मला ऐकायला पाहिजे.

रेणुकाला ते कन्नडात करून सांगता येईना. दोनदा सुरू केलं, दोनदा अर्ध्यावर थांबली. शेवटी मी सांगितलं. मादेश वाकला, कल्लाप्पांच्या पायाला हात लावला आणि बाहेर निघून गेला. फोनकडे पाहून पुढे का बोलत राहिलास, असं मी त्याला नंतर विचारलं होतं. म्हणाला, तिचं चित्रण झालं तेव्हा तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, तेवढं तर माझ्या बाजूला होतं ना, मेडम.

कल्लाप्पा त्या दिवशी एकटेच गेले. बांधलेली बॅग रेणुकानं वसतिगृहात पुन्हा सोडली. गावी त्यांनी कुणाला काही समजावलं नाही, दाखवलंही नाही. समितीत वर बसायचा मान गेला तो गेलाच. पोरीनं माफी मागितली नाही म्हणून पुढची दोन-तीन वर्षं लग्नकार्याचं त्यांच्या घरी आमंत्रण येत नसे. हा हिशोब माझ्या पेपरच्या नावावर मांडायचा की माझ्या, मला ठरवता येत नाही. पेपर मी निवृत्त झाल्यावर बंद पडला.

मध्यंतरी रेणुका बोगादीला येऊन गेली. हुबळीकडच्या एका कॉलेजात शिकवते आता. वडील कसे आहेत विचारलं, तर हसायला लागली. म्हणाली, कानानं कमी ऐकू येतं हल्ली. दुपारी जेवण झालं की माजघराचं दार लावून फोन मोठ्यानं लावून बसतात. मादेशचं बोलणं सगळ्या घराला पाठ झालंय. पुढे एका ठिकाणी त्याचं अजून चुकलंय, असं बाबांचं म्हणणं आहे. ती जागा आली की दर वेळी फोन थांबवतात आणि त्याला कानडीतून समजावून सांगतात, असं नाही रे तम्मा, असं नाही. आई आतून ओरडते, तो काय ऐकतोय होय तुमचं?

‘‘मग बाबा काय म्हणतात?’’ मी विचारलं.

‘‘म्हणतात, ऐकतोय की. मी मधे बोललो तेव्हा थांबला होता.’’